जुनी गाडी, रोजचे काम आणि खारपाणपट्ट्याचे पाणी

आमच्या शेतावरची मालवाहू जीप १९८१ सालची आहे आणि ती आजही रोज कामाला जाते. महिंद्राच्या लांब चेसिसच्या या डिझेल जीपला मागे लाकडी तळ आणि तीन बाजूंना उघडणारे फाळके आहेत. आरटीओच्या पुस्तकात तिची नोंद पहिल्यापासून मालवाहू अशीच आहे. मृगाच्या आधी बियाणे आणि खताची पोती, पावसाळ्यात फवारणीच्या पाण्याचे ड्रम, दिवाळीनंतर कापसाची गाठोडी, हिवाळा सरताना तूर आणि हरभरा, उन्हाळ्यात कुटार, पऱ्हाटी आणि रिवाइंडिंगला न्यायच्या जळालेल्या मोटारी, असा तिचा वर्षाचा क्रम ठरलेला आहे. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. बाजार समिती, जिनिंग आणि लेथचे दुकान ही तिची नेहमीची ठिकाणे. सुट्या भागांसाठी कधी मूर्तिजापूर तर कधी अकोला गाठावे लागते.

तालुक्याला गाडी उभी केली की कोणीतरी थांबून फोटो काढतो आणि हा शौक महिन्याला किती खातो, असे विचारतो. शौक करण्याइतकी सवड आणि पैसा असता तर मी दुसरा एखादा शौक केला असता. नव्या छोट्या मालवाहू गाडीचा हप्ता बारा महिने भरावा लागतो आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन, कापूस, तूर विकल्यावर, तोही भाव बरा असला तर. जुनी गाडीही पैसे मागते, पण तिचे मागणे आधी कळते आणि मोठे काम दोन हंगामांच्या मधल्या फटीत बसवता येते. आमच्या फेऱ्या बहुतेक वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतल्या असतात आणि त्यांतला मोठा भाग पांदणीतून जातो, जिथे नवी गाडीसुद्धा जुन्या गाडीपेक्षा वेगाने जाऊ शकत नाही.

जुन्या गाडीविषयी बोलताना लोक तिला जपण्याची भाषा करतात. माझा अनुभव वेगळा आहे. गाडी झाकून, पुसून, सणासुदीला बाहेर काढून जपली की ती लवकर संपते. रोज जुंपली आणि त्या जुंपण्याला लागणारी निगा राखली, तर ती टिकते. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा तालुका चाचा म्हणतो, हेच त्यांच्या पद्धतीने सांगतात: “भाऊ, चालतीले काही होत नाही, उभीलेच रोग लागतात.” हे नुसते बोलणे नाही, त्यामागे कारणे आहेत. उभ्या गाडीच्या व्हील सिलिंडरमधले पिस्टन ओलाव्याने गंजून जागीच धरले जातात. पावसाळ्यात क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि क्लच दाबूनही सुटत नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा जमून पाणी होते, ते तळाशी बसते आणि पहिल्याच दिवशी फिल्टरमध्ये येते. बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढते. तेलाची सीले कोरडी पडून कडक होतात आणि गाडी सुरू झाल्यावर गळू लागतात. याशिवाय उंदीर. घरात सरकी किंवा ढेप साठवलेली असेल तर शेजारी उभ्या गाडीची वायरिंग त्यांच्या तावडीतून सुटणे कठीण.

आमच्याच भागात याचे मोठे उदाहरण होऊन गेले. मूर्तिजापूरहून बनोसा म्हणजे दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत कामावर होते. ते सत्तर वर्षे चालले, कारण त्याला सत्तर वर्षे रोज गाडी ओढायची होती आणि ओढता यावी म्हणून कोणीतरी रोज त्याच्याकडे पाहत होते.

आता आमची गाडी चालण्याचे दुसरे कारण, जे मला पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईत कांदिवलीला तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला आणि १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. त्या ट्रॅक्टरच्याच घराण्यातले सुमारे २,३५० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन महिंद्राने आपल्या डिझेल जीपला दिले. १९८० च्या दशकात त्याची जागा प्यूजोच्या आराखड्याच्या २,११२ सीसी इंजिनाने घेतली. आमच्या गाडीत पहिले, म्हणजे ट्रॅक्टरचे इंजिन आहे. त्यामुळे पिस्टन, रिंगा, लायनर, गॅसकेट यांसाठी मला जुन्या जीपचे दुर्मीळ सामान शोधत हिंडावे लागत नाही. तालुक्याच्या ट्रॅक्टर-पार्टच्या दुकानात बरेच काही काउंटरवर मिळते. शिवाय ते इंजिन उघडणारा माणूसही मिळतो, आणि ही गोष्ट सुट्या भागांपेक्षा मोठी आहे. ज्याने उभी हयात ट्रॅक्टर खोलले, त्याला या इंजिनात नवे काही शिकायचे नसते. जुनी गाडी कामासाठी घेण्याचा विचार असलेल्या कोणालाही मी आधी हेच विचारतो, की तिचे इंजिन तुमच्या तालुक्यात आणखी कशात चालते.

मात्र एक काळजी घ्यावी लागते. इंजिनाचे पोट सारखे असले तरी डिझेल पंपाचा हिशेब वेगळा असतो. ट्रॅक्टरच्या पंपातला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आवरणारा भाग, कमी फेऱ्यांवर, एकसारख्या ओढीसाठी बांधलेला असतो, तर रस्त्यावरच्या गाडीला फेऱ्या वर-खाली कराव्या लागतात. ट्रॅक्टरचा पंप जसाच्या तसा बसवला तर गाडी चालते, पण जीव नसल्यासारखी चालते आणि चालवणारा त्याचा दोष इंजिनाला देतो. पंप आणि नोझल मी टेस्टिंग बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच नेतो. नोझल नुसते डोळ्यांनी पाहून ते बरोबर आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. फवारा बारीक पडतो की थेंब टपकतो आणि तो किती दाबाला उघडतो, हे यंत्रावरच कळते.

आता पाण्याकडे येतो, कारण आमच्या भागात गाडीला सर्वांत जास्त मारते ते पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा वाचकांना माहीत असेल. इथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त असते की पिण्यालाच काय, पुष्कळ ठिकाणी ओलितालाही चालत नाही. तरी रस्त्यात रेडिएटर उकळला की ड्रायव्हर जवळच्या शेतातून बादलीभर तेच पाणी आणतो आणि ओततो. दुसरा इलाज नसेल तर तेही करावे, पण घरी येताच ते काढून टाकावे. खारे पाणी इंजिनात दोन कामे एकाच वेळी करते. त्यातले क्षार उष्णतेने वेगळे होऊन सिलिंडरच्या भोवतालच्या जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. हा थर उष्णता अडवतो आणि नळीची वाटही अरुंद करतो, म्हणून पाणी भरलेले असूनही इंजिन तापते. दुसरे असे की ब्लॉक बिडाचा, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि सांधे झाळलेले, अशा निरनिराळ्या धातूंमध्ये खारे पाणी विजेचा मार्ग मोकळा करते आणि गंज कित्येक पटींनी वाढतो. वॉटर पंपाचा पंखा कुरतडला जातो, ब्लॉकच्या बाजूची गोल झाकणे आतून सडतात आणि एक दिवस ऐन उन्हात पाण्याची धार लागते.

यावर आमच्याकडे एक जुना उपाय आहे आणि एक नवा. जुना असा की पावसाळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीनंतर, टिनाचे छप्पर धुऊन निघाल्यावर, पन्हाळीखाली स्वच्छ ड्रम लावून पाणी धरायचे आणि ते गाळून, झाकून गाडीसाठी वेगळे ठेवायचे. ट्रॅक्टर, जीप आणि इन्व्हर्टर यांच्या जोडीने घरातल्या बायकांचाही त्या पाण्यावर हक्क असतो, कारण त्यात डाळ लवकर शिजते. नवा उपाय म्हणजे कूलंट. तो उकळण्याचा बिंदू वाढवतो हे सगळे सांगतात, पण मला त्यातली गंजरोधक द्रव्ये अधिक मोलाची वाटतात. ती कालांतराने संपतात, म्हणून हिरवा रंग टिकून आहे एवढ्यावर समाधान न मानता ठरलेल्या मुदतीत तो बदलावा लागतो. बॅटरीत मात्र छपराचे पाणीही घालत नाही. तिथे डिस्टिल्ड वॉटरच. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बॅटरीतले पाणी पाहता पाहता उडते.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर मी बदलायला तयार नाही. बाजारात ॲल्युमिनियमच्या गाभ्याचे आणि प्लास्टिकच्या टाकीचे हलके रेडिएटर मिळतात आणि ते बसवण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. पण तांब्या-पितळेची नळी फुटली तर तालुक्याचा झाळणारा कारागीर ती संध्याकाळपर्यंत बंद करून देतो. फारच थर चढला असेल तर वरची टाकी काढून, नळ्यांतून पोलादी पट्टी फिरवून तो साफ करतो. प्लास्टिकची टाकी तडकली तर नवा नग घेण्यावाचून इलाज नसतो, आणि तो नग आमच्या गाडीच्या मापाचा असेलच असे नाही.

काळ्या मातीबद्दल विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातली ही खोल, चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. पहिल्या मोठ्या पावसानंतर पांदणीत गाडी घालायचीच नाही, हा आमचा नियम आहे, मग ती चारही चाकांना ओढ देणारी का असेना. फोर व्हीलचा गिअर चाकांना फिरवतो, पण चाकाला धरायला खाली काही नसेल तर चारही चाके जागच्या जागी फिरतात आणि मडगार्डमध्ये मातीचा लगदा बसून चाक लाकडासारखे अडकते. माती जराशी आंबली, वरचा थर सुकला, की मग तोच गिअर उपयोगी पडतो. डांबरी रस्त्यावर येताच तो काढावा. या जुन्या रचनेत पुढच्या आणि मागच्या धुरांच्या मधे डिफरन्शियल नसते, त्यामुळे कडक रस्त्यावर वळताना दोन्हींच्या फेऱ्यांतला फरक कुठेच जिरत नाही आणि ताण क्रॉस, शाफ्ट आणि दात्यांवर येतो. टायरांचेही असेच. आमच्या गाडीचे ६.००-१६ हे माप लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही चालते, म्हणून दुकानदार कधी कधी ट्रॅक्टरचा टायर दाखवतो. त्याच्या उभ्या धारा वळण धरण्यासाठी असतात आणि त्याचा वेग ट्रॅक्टरचा ठरवलेला असतो. ब्रेक लावताना तो रस्त्यावर थांबत नाही. स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

कापसाच्या दिवसांत माझे लक्ष इंजिनापेक्षा वायरिंगवर असते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागली की गाडी दोन-तीन महिने कापूस वाहते. कापूस वजनाने हलका आणि आकाराने मोठा. गाठोडी कॅबिनच्या वर जातात, बाजूंना लोंबतात, आणि सुटा कापूस जिथे फट असेल तिथे शिरतो. सायलेन्सरला चिकटलेला पुंजका किंवा उघड्या वायरीची एक ठिणगी एवढ्यावर भरलेली गाडी जाऊ शकते, आणि कापसाची आग वरून विझली असे वाटले तरी आत धुमसत राहते. जुन्या गाड्यांत फ्यूज मोजकेच असतात. पस्तीस-चाळीस वर्षांत वायरींचे आवरण इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तडकते आणि मधल्या काळात प्रत्येक इलेक्ट्रिशियनने एखादी वायर मूळ वायरीला पिळून, टेप गुंडाळून जोडलेली असते. हॉर्न, रिव्हर्सचा दिवा, कोणीतरी हौसेने लावलेला टेप, सगळ्यांचे जोड एकाच ठिकाणी. मी आमच्या गाडीची सगळी वायरिंग नवी करून घेतली आणि मला वाटते की तिच्यावर झालेला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच. प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज, जास्त प्रवाहाच्या दिव्यांना रिले, वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि बॅटरीजवळ हाताने तोडता येईल असा मुख्य स्विच. गाडी कापूस भरून रात्री उभी राहिली तर तो स्विच बंद असतो. सायलेन्सरची नळी सरकवून तिचे तोंड फाळक्याच्या खाली आणि बाजूला काढली आहे, आणि कॅबिनमध्ये पावडरचा अग्निशामक सिलिंडर आहे. जिनिंगच्या आवारात विडी ओढणाऱ्याला हटकणे हेही ड्रायव्हरचे काम आहे, मग तो वयाने मोठा असला तरी.

डिझेलबद्दल मला बऱ्याचदा विचारले जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत १० भाग एवढेच असते. ही गाडी बनली तेव्हाच्या डिझेलमध्ये ते याच्या कित्येक शेकडा पट होते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणपणा कमी होतो, म्हणून शुद्धीकरण कारखाने त्यात वेगळे द्रव्य मिसळून तो ठरलेल्या मर्यादेत आणतात. तेव्हा टाकीत दर वेळी टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक दुचाकीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल) ओतण्याची जी पद्धत आमच्याकडे पडली आहे, तिची गरज मला पटत नाही. त्याने धूर वाढतो. इंधन बदलल्यावर पंपाची जुनी सीले आकसून झिरपू लागतात, हे मात्र खरे आहे, आणि त्यावर उपाय नवी सीले हाच आहे. झिरपणाऱ्या सांध्यातून हवाही आत जाते. हवा धरली की गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारायला लावते, मधेच गचके देते आणि चढावर बंद पडते. अशा वेळी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून अखंड डिझेल येईपर्यंत थांबावे, स्क्रू आवळून तेच पंपावर करावे, आणि तरीही चालू झाली नाही तर नोझलचे नट एकेक सैल करून सेल्फ मारावा. हे काम ज्याला स्वतः करता येत नाही, त्याने जुनी डिझेल गाडी रानात नेऊ नये.

मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा लागतो. आमच्या गाडीला तेलाच्या बुडाचा जुना क्लीनर आहे. हरभऱ्याचे भूस आणि काळ्या मातीची धूळ त्यात बसून तळाला घट्ट गाळ होतो. तो डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे इंजिन ऑइल भरायला फारसा वेळ लागत नाही. खुणेच्या वर भरले तर इंजिन तेच तेल ओढून घेते. बाकी निगा साधी आहे: सकाळी ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल आणि गाडीखालची जमीन पाहणे, आठवड्याला किंगपिन (ज्याच्याभोवती पुढचे चाक वळते तो खिळा), शॅकल, टायरॉड आणि क्रॉस यांना ग्रीस, आणि चिखलातून आल्यावर ग्रीस लगेच, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते.

ब्रेकबाबत मी कोणाचेही ऐकत नाही. चारही चाकांना ड्रम, एकच सर्किट आणि बूस्टर नाही, अशी ही जुनी रचना आहे. एका चाकाचा सिलिंडर फुटला तर पायाखालचे सगळे ब्रेक जातात. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, म्हणून बूस्टर बसवायचा तर व्हॅक्यूम पंपही बसवावा लागतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ते दरवर्षी पावसाळा संपल्यावर पूर्ण बदलतो आणि त्याच वेळी चारही ड्रम काढून आतला मातीचा थर साफ करतो. नाला ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबून थोडे अंतर जावे म्हणजे लायनर सुकतात. हँडब्रेक नुसता फिटनेसपुरता नसावा. आणि मागच्या तळावर माणसे बसवायची नाहीत. वेचणीच्या दिवसांत मजूर बायकांना मालवाहू गाडीत उभे करून नेण्याची रीत आमच्या सगळ्या पट्ट्यात आहे. कायद्याने ते चालत नाही, आणि पंचेचाळीस वर्षांच्या ब्रेकवर, फाळक्याच्या भरवशावर तर मुळीच चालू नये. आमच्याकडे त्यांच्यासाठी ऑटो सांगितला जातो. यावरून गावात माझ्याविषयी काय बोलतात ते मला माहीत आहे.

सुट्या भागांत नकली माल हा मोठा त्रास आहे. डबा, शिक्का, होलोग्राम सगळे हुबेहूब असते आणि आतली रबरे पहिल्याच पावसाळ्यात फुगतात. म्हणून काढलेला जुना भाग, तो मूळचा असेल तर, मी फेकत नाही. व्हील सिलिंडरला आतून पितळी बुश बसवून घेता येतो, शाफ्टला वेल्डिंग भरून लेथवर माप आणता येते, हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करता येतो. मूळच्या चांगल्या ओतीव भागावर केलेले असे काम पुष्कळदा नव्या संशयास्पद भागापेक्षा बरे ठरते. त्यासाठी लेथवाला मात्र इंचाचा हजारावा भाग मोजणारा हवा.

कागदपत्रांबद्दल लोकांत गैरसमज फार आहेत. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असे अनेकांना वाटते. १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी सरसकट रद्द करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागू झाला. दिल्लीत डिझेल गाड्यांवर आलेले दहा वर्षांचे बंधन राजधानी परिसरापुरते आहे. आपल्या इथे खासगी मालकाच्या गाडीचे भवितव्य फिटनेस चाचणीवर ठरते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांसाठी त्याचे शुल्क अनेक पटींनी वाढले आहे आणि मुदत उलटली तर केंद्राच्या नियमाप्रमाणे जादा शुल्क पडते. गाडीचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल तर परमिट लागत नाही, ही आमच्यासारख्यांना मोठी सोय आहे. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद संगणकात नसेल तर ती आधी चढवून घ्यावी लागते; हे काम फिटनेसच्या तारखेच्या बरेच आधी काढावे. धुराची मर्यादा बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिटांची (धुराची दाटी मोजण्याचे हे एकक) आहे. चांगले नोझल, स्वच्छ एअर क्लीनर आणि नीट तापलेले इंजिन असेल तर ती गाठायला कोणतीही युक्ती करावी लागत नाही, आणि सहा महिन्यांनी ती परीक्षा पुन्हा असतेच.

पाच-सहा वर्षांनी गाडीला व्हिंटेजचा दर्जा मिळेल, असे मला फोटो काढणारे सांगतात. जुलै २०२१ मध्ये केंद्राने यासाठी नियम केले, ते मी वाचले आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपातल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नवा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मालवाहू नोंदीच्या आमच्या गाडीला तो मान नाही. उद्या नोंद बदलून घेतली, तरी मान मिळताच तिचे काम बंद होईल आणि चाचांनी सांगितलेले सगळे रोग पाळीपाळीने सुरू होतील. प्रदर्शनात मांडायच्या गाड्यांसाठी तो नियम ठीक आहे. त्यांची चाके जमिनीवरून उचलून ठेवता येतात.

ज्याला रोज जिल्ह्याच्या ठिकाणी माल पोचवायचा आहे, महामार्गावर ट्रकांच्या रांगेत साठच्या वेगाने जायचे आहे, किंवा ज्याच्याकडे गाडी बंद पडल्या दिवशी दुसरी सोय नाही, त्याने जुन्या गाडीच्या नादी लागू नये. आमच्याकडे बैलगाडी आहे, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहे, आणि गाडी दोन दिवस चाचांच्या अंगणात राहिली तर कापूस घरात थांबू शकतो. सध्या पुढच्या डाव्या चाकाला हात लावून हलवले तर किंगपिनमध्ये ढिलाई लागते आहे. नवा सेट आणून ठेवला आहे. त्याचे बुश बसवल्यावर रीमरने पिनाच्या मापाला आणावे लागतात, आणि ते हाताने घासून भागवू नका, असे लेथवाल्याला सांगून ठेवले आहे. तुरीचा माल बाजार समितीत पोचला की गाडी त्याच्याकडे जाईल, कारण फिटनेसची तारीख त्यानंतर लगेच आहे.